कोरडं बोट

छापखान्यात तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे चूकताई. चुका काढायच्या हेच तिचं काम होतं, त्यामुळे नाव काही वाईट मनानं पडलेलं नव्हतं. तरी ते कानावर गेलं तेव्हा ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "निदान चूकमावशी तरी नाही म्हणत मेले. तेवढी लाज ठेवलीय."

छापखाना अंधांच्या पुस्तकांचा होता. तिथे शाई नव्हती. जस्ताच्या पत्र्यावर टिंबं ठोकायची, तो पत्रा यंत्रात घालून जाड कागदावर दाबायचा, की कागदावर टिंबं उठतात आणि बोटांनी वाचता येतात. पत्रे ठोकणारा एक चाळिशीतला माणूस होता, त्याला सगळे प्लेटवाला म्हणत. नव्या पत्र्याचा पहिला कागद निघाला की तो ताईच्या टेबलावर यायचा. टेबलाच्या अलीकडे ताई, पलीकडे मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, भरदार आवाजाचे, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले गृहस्थ. मूळ छापील मजकूर त्यांच्यापुढे असे. ताईनं बोटं फिरवत मोठ्यानं वाचायचं, मास्तरांनी मूळ मजकुरावर डोळे ठेवून ऐकायचं, आणि फरक आला की पेन्सिलीनं टेबलावर ठक् करायचं. मग प्लेटवाला येऊन पत्रा दुरुस्त करायचा.

मास्तरांना ब्रेल येत नव्हतं. प्लेटवाल्याला यायचं, पण तो ते डोळ्यांनी वाचायचा आणि त्याचं वाचन तपासणीत कुणी धरत नसे. ज्यानं टिंब चुकवलं त्याला ते दिसत नाही, शिवाय डोळा पुढचा शब्द आधीच ओळखून मोकळा होतो. बोटाला ती घाई नसते. त्यामुळे बोटांनी वाचलं तेच खरं, असा तिथला कायदा होता. शेवटच्या पानावर ताईचा शिक्का बसला की काम यंत्रावर चढायचं. असे शिक्के ती बावीस वर्षं मारत आली होती आणि त्याचा तिला चांगला ताठा होता. असावाच की. दुसरं काय होतं तिच्याजवळ?

तिचे डोळे जन्मापासून गेलेले नव्हते. ते इसबानं घालवले, आणि थोडे तिनं स्वतः.

तीन महिन्यांची असताना तिचे गाल लाल झाले आणि पाण्यासारखं गळू लागलं. मग कोपराच्या घडीत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर. थंडीत कातडी तडकायची आणि चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे. रक्त बिघडलंय असं कुणी म्हणालं, पोटात उष्णता आहे असं दुसऱ्या कुणी. दूध बंद झालं, अंडी बंद झाली, आंबट बंद झालं. पोर काडीसारखी झाली आणि खाज होती तिथंच राहिली. शाळेत एका मुलीच्या आईनं येऊन सांगितलं की आमच्या मुलीला हिच्या बाकावर बसवू नका. हा रोग शिवल्यानं लागत नाही हे त्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही नाही. पुढची चार वर्षं ती एकटी एका बाकावर बसली.

आईचं एकच पालुपद होतं, "खाजवू नकोस गं." झोपताना तेच, जेवताना तेच, पाहुण्यांसमोर डोळ्यांनी तेच. पोरगी हुशार होती. खाजवायचं नाही ना, मग तिनं थापट्या मारायला सुरुवात केली. पापण्यांना खाज सुटली की तळव्यांनी तोंडावर फटाफट मारून घ्यायची, मुठींनी डोळे चोळायची. त्याला काही कुणी खाजवणं म्हणत नाही. आईनंही तिकडे कानाडोळा केला, कारण नखं तरी लागत नव्हती. सतराव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, म्हाताऱ्यांना येतो तसा. एकोणिसाव्या वर्षी एका डोळ्याचा आतला पडदा सुटला, आठ महिन्यांनी दुसऱ्याचा. डोळ्यांच्या डॉक्टरनं विचारलं, "ही तोंडावर मारून घेते का?" आई तिथल्या तिथे खाली बसली. त्यानंतर आई अकरा वर्षं जगली, पण खाजवू नकोस हे शब्द तिनं पुन्हा कधी काढले नाहीत. ताईला ते गप्प राहणं फार लागायचं.

विसाव्या वर्षी ती ब्रेल शिकली आणि बोटांनी तिला माणसात परत आणलं. कोपरं, मान, गुडघे जन्मभर सोलत राहिले, पण बोटांच्या टोकांना इसबानं हात लावला नव्हता. ती मिनिटाला दीडशे शब्द वाचायची. छापखान्यात नोकरी लागली तेव्हा जुन्या तपासनीसानं तिला एकच गोष्ट शिकवली: कोरडं बोट वाचतं, ओलं बोट घसरतं. तेलकट बोट तर कागदाचाही सत्यानाश करतं.

हे तिनं इतकं मनावर घेतलं की काही विचारू नका. जस्ताच्या पत्र्यांचा करडा धुरळा तिथे सगळीकडे असायचा. प्रत्येक नवा कागद घेण्याआधी ती उठायची, कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणाच्या वडीनं खसाखसा हात धुवायची, खरखरीत पंच्याला पुसायची आणि टेबलावर येऊन बसायची. दिवसाला तीस-चाळीस वेळा. नवीन माणसं हसायची, जुनी म्हणायची, बघा, काम असं करतात.

त्रेचाळिसाव्या वर्षी उजव्या तर्जनीचं टोक चकचकीत झालं. मग तिथे चीर पडली. मग मधल्या बोटाला, मग डाव्या हाताला. एका गोष्टीच्या पुस्तकाचं सातवं पान वाचून झालं आणि मास्तरांनी ते गुपचूप तिच्या हाताखालून काढून घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही, जरा डाग पडलाय. दुसरी प्रत काढायला सांगतो."

"कसला डाग?"

मास्तरांनी आपला रुमाल तिच्या तर्जनीभोवती गुंडाळला, तेव्हा तिला कळलं, रक्त होतं ते.

ती थोरल्या भावाकडे राहायची. भाऊ अबोल होता, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं वहिनीच्या वाट्याला आलं होतं आणि तिनं ते चोख पार पाडलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिली काही वर्षं तिनं नणंदेचा टॉवेल चिमटीत धरून वेगळा वाळत घातला होता. आता तीच तिला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली, कोपराच्या घड्या पाहिल्या, लहानपणचं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हात किती वेळा धुता?"

"कामाच्या दिवशी तीस-चाळीस वेळा."

"साबणानं?"

"मग काय नुसत्या पाण्यानं?"

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात खाली ठेवले. "हे तुमचं जन्माचं इसब आहे. तुमच्या कातडीला पाणी धरून ठेवता येत नाही. भिंतीचा गिलावा जागोजागी सुटलेला असावा तसं आहे ते. आतलं पाणी बाहेर जातं, बाहेरचं काहीही आत शिरतं, आत आग होते, खाज सुटते. खाजवलं की आणखी गिलावा पडतो. साबण तर उरलासुरलाही खरवडून काढतो."

"म्हणजे मी हात स्वच्छ ठेवले म्हणून हे झालं?"

"झालं तुमच्या कातडीमुळे. वाढवलं साबणानं. आणि त्या जाड कागदानं."

वहिनीनं विचारलं, "जाईल ना पण?"

"कायमचं जाणार नाही. पण रोज निगा राखली तर इतकं आटोक्यात राहील की आठवणही होणार नाही." मग त्यांनी एकेक सांगितलं. साबण बंद, त्याऐवजी एक मऊ धुण्याचं मलम. पाणी कोमट, कढत नाही. पुसायचं ते टिपून, घासून नाही, आणि टिपल्यावर कातडी ओलसर असतानाच साधं तुपासारखं मलम भरपूर लावायचं. तेही दिवसातून सहा-सात वेळा. आग शमवायला स्टिरॉइडचं मलम रोज एकदा, तीन आठवडे. बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ ट्यूबमधून काढली की तेवढ्यात दोन्ही तळहात होतात. झोपताना वरून सुती हातमोजे.

स्टिरॉइड म्हटल्यावर वहिनी मध्येच बोलली. "नको बाई, कातडी पातळ होते म्हणतात त्यानं."

"कुणाला न विचारता वर्षभर थापत बसलं तर होते. मी सांगते तेवढं, सांगते तितके दिवस लावून होत नाही. भिऊन निम्म्यात सोडणारी माणसं मात्र माझ्याकडे परत येतात, दुप्पट बिघडवून. तीन आठवड्यांनी दाखवा, मग आठवड्यातून दोनदाच लावायचं. आणि तीन महिने बोटांना कागद नको."

"मग मी वाचू कशानं?" ताईनं विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रजा घ्या." सांगायला काय जातं त्यांचं, असं ताईला वाटलं. पण त्या तरी दुसरं काय सांगणार होत्या?

तिनं दोन आठवड्यांची रजा घेतली. वहिनी तिचे हात मांडीवर घेऊन मलम चोपडायची आणि हातमोजे चढवायची. ते हातमोजे ताईला नकोसे व्हायचे. ते घातले की ती दुसऱ्यांदा आंधळी व्हायची. कपाचा कान सापडेना, ब्लाउजचं बटण सापडेना, उशीची सरळ बाजू कुठली ते कळेना. मलम लावलेल्या बोटांना सगळं जग एकसारखं गुळगुळीत लागे. "तुला काय माहीत," ती वहिनीवर खेकसायची, "तुझ्या डोळ्यांवर कुणी रोज लोणी थापलं तर कळेल." वहिनी म्हणायची, "थापा की. तुमचं तोंड तरी दिसायचं नाही मग मला, वन्सं." आणि दोघी हसायच्या. तेवढ्या दिवसांत घर जरा बरं चाललं होतं.

बाराव्या दिवशी चिरा मिटल्या. पंधराव्या दिवशी ताई कामावर हजर. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जायचं होतं ते राहूनच गेलं. बरं वाटलं की औषध सोडायचं, ही आपल्या सगळ्यांचीच खोड आहे. तिला एकटीला काय बोल लावायचा? टेबलावर मलमाचे डाग पडतात म्हणून दिवसाचं मलम गेलं. मग रात्रीचंही गेलं. साबणाची वडी परत आली. कोरडं बोट वाचतं.

सहा आठवड्यांत इसब उलटलं, आणि या वेळी निराळ्या तऱ्हेनं आलं. नुसत्या चिरा असत्या तर तिनं दुखणं सोसलं असतं, सोसण्यात तिचा हात कोण धरणार? पण आता कातडी जाड होऊ लागली. सहा टिंबांच्या जागी एक गोळा लागायचा. वाक्याच्या ओघावरून शब्द कळायचा, तेवढ्यावर ती रेटायची. शाळेची पुस्तकं तिला अर्धी पाठ होती. पण अंगावर काटा यायचा तो नव्या मजकुरानं.

एके दिवशी भूगोलाच्या धड्यात ती 'वि' वर अडली. बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. समोरून मास्तर ओठातल्या ओठात म्हणाले, "विषुववृत्त." ती लगेच मोठ्यानं "विषुववृत्त" म्हणाली आणि पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी तसं तीनदा झालं. महिन्याभरात मास्तरांना तिच्या श्वासावरून कळायला लागलं की ही आता अडणार, आणि ती अडायच्या आत शब्द टेबलावरून सरकत यायचा. मास्तरांनी हे मायेनं केलं, यात शंका नाही. तिच्याइतकी वर्षं त्या टेबलाशी दुसरं कुणी बसलं नव्हतं आणि ती गेली तर समोरची खुर्ची बघवणार नाही हे त्यांना माहीत होतं. पण काय होत होतं ते बघा. तपासणाऱ्यानं मूळ मजकूर ऐकायचाच नसतो. आता मास्तर स्वतःचंच वाचन तिच्या तोंडून ऐकत होते आणि बरोबर म्हणून मान डोलवत होते. कागदावर काय उठलंय ते कुणीच वाचत नव्हतं. शिक्का मात्र रोज बसत होता, दीड वर्ष.

तिला हे कळत नव्हतं असं नाही. रोज बसमधून उतरताना ती ठरवायची, आज साहेबांना सांगायचं. बेसिनपाशी पोचेपर्यंत धीर सुटायचा. सांगितलं तर बोटं गेली असं कबूल करावं लागणार. डोळे गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि पुढे बोटं होती. आता बोटांच्या पुढे काही नव्हतं.

मग एक पत्र आलं.

नवे व्यवस्थापक दुसऱ्या खात्यातून बदलून आले होते. माणूस कोरडा पण सरळ. त्यांनी ताईला आणि मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. एका अंधशाळेतल्या मुलीनं ब्रेलमध्ये पत्र पाठवलं होतं, आणि तिच्या बाईंनी त्याची साधी प्रत जोडून वर लिहिलं होतं की मुलगी ऐकत नाही म्हणून पाठवते आहे. गेल्या उन्हाळ्यात मोठ्या निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर याच छापखान्यात निघाला होता. ब्रेलमधून चार मुलं बसली. सातवा गणिताचा प्रश्न तिघांनी सोडून दिला, या मुलीनं सोडवला आणि तिचे पूर्ण आठ गुण गेले. प्रवेश चार गुणांनी हुकला. व्यवस्थापकांनी तिचं पत्र वाचून दाखवलं.

"सातव्या प्रश्नात गाडीचा वेग ताशी तीस होता की साठ होता? मी तीस वाचलं. चार वेळा वाचलं. बाई म्हणतात की डोळस मुलांच्या पेपरात साठ आहे, म्हणजे तुझंच बोट चुकलं. पेपर परत घेतला म्हणून मला बघता येत नाही. आता मी सगळंच दोन-दोनदा वाचते आणि तरी खात्री वाटत नाही. आधी मला चांगलं वाचता येत होतं. मला गुण नकोत. तीस होतं की साठ, एवढंच सांगा."

पत्राची घडी घालून त्यांनी ते फायलीत ठेवलं.

"आपल्याकडे त्या पेपरची एक प्रत असते," व्यवस्थापक म्हणाले, "ती काढून ठेवलीय. साठ असेल तर तसं कळवून विषय संपवू. तीस असेल तर मात्र प्लेटवाल्याला विचारावं लागेल. त्याला एकदा ताकीद मिळालेली आहे, ही दुसरी वेळ होईल. तुमचा शिक्का आहे म्हणजे साठच असणार, पण एकदा वाचा. प्रश्न सात, पहिली ओळ."

त्यांनी तिचा हात धरून ओळीवर ठेवला. ताईला आकड्याची खूण लागली, ती मोठी असते. तिच्यापुढे आकडा. सहाला तीन टिंबं. त्यातलं डावीकडचं मधलं टिंब उठलं नाही तर उरतात दोन, आणि दोन टिंबांचा होतो तीन. एवढाच काय तो फरक. बोटाखाली काहीतरी होतं. दोन होती की तीन होती? तिनं बोट बदललं. डाव्या हाताचं लावलं. दाबून पाहिलं तशी चीर उकलली आणि कळ डोक्यात गेली, पण टिंबं काही वेगळी झाली नाहीत.

आणि तिच्या उजव्या बाजूनं, ओठातल्या ओठात, सवयीनं, मास्तर म्हणाले, "साठ."

तिनं साठ म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? प्लेटवाल्याची नोकरी राहत होती, मास्तरांची अब्रू राहत होती, तिची खुर्ची राहत होती. व्यवस्थापकांना सुटल्यासारखं झालं असतं. त्या खोलीतल्या कुणाचंच नुकसान नव्हतं. शब्द तिच्या जिभेवर आलाही होता, आणि खोटं सांगत कशाला बसू, तो गिळताना तिला फार जड गेलं. कारण प्रत्यक्षात साठ असूही शकलं असतं. पण कुठेतरी एक पोर प्रत्येक ओळ दोनदा वाचत बसली होती, आणि बोटांवरचा विश्वास उडाला की मागे काय उरतं ते या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

"मास्तर, गप्प बसा," ती म्हणाली. मग व्यवस्थापकांकडे तोंड करून, "मला कळत नाही."

"म्हणजे? पुसट आहे का?"

"पुसट नाही. माझी बोटं गेलीत. दीड वर्ष झालं. हे मला सांगतात आणि मी म्हणते."

मास्तरांची खुर्ची करकरली.

"प्लेटवाल्याला बोलवा," ताई म्हणाली, "तो बघून सांगेल."

"त्याचं वाचन धरत नाहीत ना आपल्याकडे?"

"आज धरा."

प्लेटवाला आला. त्याला कशासाठी बोलावलंय ते बाहेर सगळ्यांना कळलं होतं, त्यालाही. त्यानं कागद खिडकीकडे धरला. साठ म्हणून मोकळा झाला असता तरी त्याला कोण अडवणार होतं?

"तीस आहे," तो म्हणाला. "टिंब उठलेलंच नाही. माझ्याच हातनं राहिलंय."

"तुझ्या हातनं टिंबं राहणारच," ताई म्हणाली. "ते पकडायला मला ठेवलं होतं. तुझा काय संबंध?" एवढं बोलून ती भर केबिनमध्ये रडली, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

शिक्का त्याच दिवशी काढून घेतला. दीड वर्षातली सगळी पुस्तकं पुन्हा तपासायला दुसऱ्या संस्थेकडे गेली आणि त्यांत एकशे बारा चुका निघाल्या. मास्तरांनी राजीनामा दिला. प्लेटवाल्याला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. परीक्षा मंडळाचं उत्तर आलं की प्रवेशाची यादी बंद झालेली आहे, झालेल्या चुकीची नोंद घेतली. नोंद घेतली म्हणजे काय घेतलं, देव जाणे. मुलीला छापखान्यातून दोन ओळींचं पत्र गेलं, की तांत्रिक कारणामुळे त्रुटी राहिली असावी.

ताईला घरी बसवलं. आता गमवायला काही नव्हतं, म्हणून ती डॉक्टरीणबाईंचं सगळं अक्षरशः करू लागली. साबण घरातून हद्दपार झाला. स्टिरॉइडचं मलम सांगितलं तितके दिवस लावलं, मग आठवड्यातून दोनदा. साधं मलम दिवसातून सात वेळा. महिन्यानं खाज थांबली, दोन महिन्यांनी चिरा बुजल्या, वहिनी म्हणाली, लहान मुलीसारखे हात झालेत तुमचे. कोपरंसुद्धा मऊ झाली, जन्मात कधी नव्हती तशी. सांगितलेलं ऐकलं की इसब आटोक्यात येतं, एवढं सोपं होतं ते. हे तिला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

टिंबं मात्र अजून लागत नव्हती. "वर्षानुवर्षं घासलेली कातडी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पातळ होत येईल. पूर्वीसारखं होईलच असं मी म्हणणार नाही." ताई म्हणाली, "म्हणू नका." आणि उठली.

मास्तर दर रविवारी दुपारी यायचे. पहिले दोन रविवार ती त्यांच्याशी बोलली नव्हती, मग दोघंही त्याचा कंटाळा येऊन बोलू लागले. त्यांच्याकडूनच तिला छापखान्याच्या त्या दोन ओळी कळल्या.

"तांत्रिक?" ती म्हणाली. "असावी? त्या पोरीनं काय विचारलं होतं, तीस की साठ. त्याचं उत्तर कुठाय यात?"

तिनं भावाला कपाट उघडायला लावून ब्रेल लिहायची जुनी पाटी आणि टोचणी काढली. वाचायला बोटाचं टोक लागतं, टोचायला मनगट पुरतं. जाड कागद पाटीत अडकवून ती बसली. कागदाच्या मागच्या बाजूनं, उजवीकडून डावीकडे, एकेक टिंब टोचत गेली, तोंडानं शब्द म्हणत, म्हणजे कुठे आहोत ते चुकणार नाही. वहिनी दाराशी उभी राहून ऐकत होती.

"तीस होतं. तू बरोबर वाचलंस. तुझं बोट चुकलं नव्हतं. कागद तपासायचं काम माझं होतं आणि मी न वाचताच शिक्का मारला. तुझी जागा माझ्यामुळे गेली. ती मला परत आणता येत नाही. तू पुन्हा परीक्षेला बस. एकदाच वाच, दोनदा वाचू नकोस. आणि बोटं कोरडी राहावीत म्हणून साबण घासत जाऊ नकोस, मी तेच केलं. रोज झोपताना मलम लाव."

खाली तिनं स्वतःचं पूर्ण नाव टोचलं. मग कागद काढून सवयीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि उचललं.

"प्लेटवाल्याला दाखवून आणू का?" मास्तरांनी विचारलं. "एखादं टिंब राहिलं असेल तर?"

"नको," ताई म्हणाली. "राहिलं असेल तर तिला सापडेल. तिची बोटं चांगली आहेत."